आधी वाचा, मंग झाकू

तारखा आणि जबाबदार व्यक्ती आधी नोंदवतो. मजकूर मागाहून येईल. पोळ्याच्या आदल्या दिवशी एका शिक्षणसंस्थेची, मुलांची ने-आण करणारी गाडी भोकरदनच्या एका मिस्त्रींच्या अंगणात तपासणीसाठी आली. घटस्थापनेच्या सकाळी तीच गाडी राजूरच्या रस्त्यावर एकाएकी दम सोडून खड्ड्यात गेली आणि चौथीतल्या एका मुलीचा हात मोडला. दसऱ्यानंतरच्या पहिल्या सोमवारी पालकसभेत या अपघाताचा दोष मिस्त्रींच्या माथी मारण्यात आला. दिवाळीच्या सुट्टीत गाडी घाईघाईने भंगारात विकण्यात आली.

जबाबदार तिघे. पहिले, संस्थेचे सचिव, ज्यांनी धोका वाचला, त्याखाली सही केली आणि तरीही गाडी रस्त्यावर काढली. दुसरे, मुख्याध्यापक, ज्यांनी सभेत निवेदन वाचण्यापूर्वी एकदाही बॉनेट उघडून पाहिले नाही. तिसरा मी. माझा अपराध क्रमाने येईलच.

आता त्या मिस्त्रींविषयी.

तुमच्यापैकी ज्यांनी बसस्थानकामागच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये कधी गाडी नेली असेल, त्यांना ते दृश्य आठवत असेल. काम संपले की इतर कारागीर हात पुसतात आणि बॉनेट धाडकन आपटतात. हे गृहस्थ डाव्या हाताने बॉनेट वर धरून उभे राहायचे. बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने चार-सहा ओळी लिहिलेल्या असायच्या. मालक किल्लीसाठी हात पुढे करी आणि हे मान हलवून म्हणत, "आधी वाचा, मंग झाकू." मनातल्या मनात वाचलेले चालत नसे. मोठ्याने वाचावे लागे. ज्याला वाचता येत नसेल त्याला ते स्वतः वाचून दाखवत आणि त्याच्याकडून एकदा वदवून घेत. तोपर्यंत तो डावा हात खाली येत नसे, मग मालक तालुक्याचा सभापती का असेना.

मी न्यायालयाच्या कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीनंतर घेतलेली माझी पांढरी गाडी हे आमच्या ओळखीचे कारण. त्या गाडीने तिसऱ्या वर्षी मला छळायला सुरुवात केली. उभी असताना इंजिन असे थरथरे की आरशातला मागचा रस्ता दिसेनासा होई, आणि चढ आला की पायाने जितका जोर द्यावा तितकी ती मंद होई. जालन्याच्या एका मोठ्या कार्यशाळेत मी तिला तीनदा नेली. तिथल्या संगणकाने दर वेळी एकच सांगितले, तिसऱ्या सिलिंडरमध्ये बिघाड आहे. त्यांनी तिसऱ्याचा प्लग बदलला, मग कॉइल बदलली, मग इंजेक्टर साफ केला आणि अखेरीस इंजिन उघडावे लागेल असे सांगितले. मी संतापून कंपनीला रजिस्टर्ड पत्रे पाठवली. उत्पादनातच दोष आहे, हे मी मुद्देसूद सिद्ध केले होते. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमच्या पत्रांवर गाडी चालत असती तर आपण काशीला जाऊन आलो असतो." नोटिशीचा मसुदा खिशात घेऊनच मी मिस्त्रींकडे गेलो.

मी घटनाक्रम सांगू लागलो, तेव्हा त्यांनी हात वर केला. "साहेब, तुम्ही पाच मिंट थांबा. गाडी बोलून राह्यली. एका टायमाला दोघांचं ऐकू येत न्हाई."

एखाद्या कारकुनाने मला असे सांगितले असते तर मी त्याला ज्ञापन दिले असते. पण मी गप्प बसलो, आणि पुढचा तासभर जे पाहिले ते मी उत्तम फौजदारी न्यायाधीशांच्या समोरही क्वचितच पाहिले होते. त्यांनी इंजिन चालू ठेवून एकेका सिलिंडरची जोडणी काढली. पहिली काढली, इंजिन आणखी थरथरले. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली, काहीच फरक पडला नाही. "बघा, तीन नंबर कामालाच न्हाई. हजेरी लावून घरी गेल्ता." मग तिसऱ्याची कॉइल त्यांनी दुसऱ्याला लावली आणि दुसऱ्याची तिसऱ्याला. बिघाड तिसऱ्यातच राहिला. म्हणजे कॉइल निर्दोष. तशीच प्लगची अदलाबदल केली. प्लगही सुटला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा त्यांचा नियम. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर सुधारणा कोणामुळे झाली हे कसे कळणार, असा त्यांचा सवाल असे. कार्यशाळेने नेमके हेच विचारले नव्हते.

शेवटी त्यांनी एका काडीने वायरी हळूहळू हलवायला सुरुवात केली. तिसऱ्या इंजेक्टरची वायर हलली आणि इंजिन अडखळले. पुन्हा हलवली, पुन्हा अडखळले. त्यांनी आत हात घातला आणि इंजिनामागच्या खोबणीतून भुईमुगाची मूठभर टरफले काढून माझ्या हातावर ठेवली. वायर अर्धी कुरतडलेली होती; इंजिन हादरले की तार सुटे, जरा शांत झाले की जुळे.

"साहेब, आरोपी सापडला. उंदीर हाये. आता समन्स कुठल्या पत्त्यावर लावायचं ते तुम्ही बघा."

मी खिशातला मसुदा खिशातच ठेवला. त्यांनी वायर जोडली, वर नळी चढवली, गाडी राजूरच्या रस्त्यावर चढापर्यंत पळवून आणली आणि खडू घेऊन बॉनेटखाली लिहू लागले. मग डावा हात वर धरून उभे राहिले. मी मोठ्याने वाचले : "तीन नंबर मिसिंग. प्लग, नाही. कॉइल, नाही. इंजेक्टरची वायर, होय. उंदराने खाल्ली. मिस्त्रीला आधी कॉइल वाटली होती. चूक."

ती शेवटची ओळ मी दोनदा वाचली. तपास करणाऱ्याने स्वतःची चूक स्वतःच्या हाताने त्याच कागदावर नोंदवलेली मी माझ्या साऱ्या नोकरीत पाहिली नव्हती. मी तसे म्हणालो. त्यावर त्यांचे म्हणणे असे की पुढचा मिस्त्री ही गाडी उघडील तेव्हा त्याने तीच चूक पुन्हा करू नये; आपली चूक लपवली तर तिचा खर्च दुसऱ्याला पडतो.

या सवयीचे मूळ मला पुढे कळले. त्यांच्या शेडमध्ये एकच तसबीर होती, घटनेच्या उद्देशिकेची. तिच्यावर ऑइलचा डाग पडू नये म्हणून प्लास्टिक लावलेले. त्यांचे वडील लोकांच्या शेतांवर आणि रस्त्यांच्या कामांवर मजुरी करीत. "माझ्या बापाला कुणी कागद वाचून दाखवला न्हाई, साहेब. अंगठा मात्र जल्दी घ्यायचे." यापलीकडे ते त्याविषयी बोलले नाहीत, आणि मीही विचारले नाही.

त्यानंतर मी अधूनमधून त्यांच्या शेडमध्ये जाऊन बसू लागलो. गाडी ठीक असतानाही जात असे. ते कामात, मी वर्तमानपत्रात. मी एखाद्या कार्यालयाला पत्र लिहीत असलो की ते विचारत, "आज कोणाचं बॉनेट उघडलं?" एकदा मी त्यांना कायद्याचा सल्ला दिला. म्हणालो, खडू पुसला जातो. पुसला गेलेला पुरावा म्हणजे नसलेला पुरावा. रंगाने लिहा, आणि धोक्याची गोष्ट असेल तर वाचणाऱ्याची सहीही खाली घ्या. त्यांनी थोडा विचार केला आणि दुसऱ्याच दिवशी पांढऱ्या रंगाचा लहान डबा आणि बारीक ब्रश आणला. माझ्या हातून त्यांचे जे काही भले झाले, ते एवढेच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आलेली संस्थेची गाडी डिझेलची होती. चढावर पिकअप जाई, इंजिन गचके देई, बंद पडे. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होई आणि काही झालेच नव्हते अशी चाले. त्यामुळे प्रत्येक जण फिल्टर बदलून तिला परत पाठवी. मिस्त्रींनी तिच्या टाकीची नळी सोडली, पाच लिटरचा डबा बांधून त्यातून इंजिनाला डिझेल दिले आणि गाडी चढावर नेली. ती सुरळीत वर गेली. नळी पुन्हा टाकीला जोडली, ती अर्ध्यात बसली. निकाल स्पष्ट होता. टाकी आतून गंजली होती. गंजाचे पापुद्रे तळाच्या जाळीवर येऊन डिझेल अडवत, आणि गाडी थांबली की खाली बसत. टाकी उतरवून साफ केल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय इलाज नव्हता, आणि त्याला दोन दिवस लागणार होते.

सचिवांना दोन दिवस परवडत नव्हते. टाकीचे सुट्टीत पाहू, आता फिल्टर बदलून द्या, असे त्यांनी सांगितले. मिस्त्रींनी फिल्टर बदलला. मग बॉनेटखाली लिहिले आणि डावा हात वर धरला. सचिवांनी हसत हसत वाचले, रंगाच्या ब्रशने सही केली आणि वर म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही तर तहसीलदार झालात." हे मला त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी सांगितले. सांगताना तेही हसत होते. घटस्थापनेपर्यंत.

दसऱ्याला ते दर वर्षी नागपूरला जात. कितीही काम पडले असले तरी शेड बंद करून आदल्या दिवशीच निघत. त्या वर्षी गेले नाहीत. पळून गेला असे कोणी म्हणू नये म्हणून दिवसभर शेड उघडी ठेवून बसून राहिले. सोमवारी पालकसभा झाली. तीत मुख्याध्यापकांनी छापील निवेदन वाचले : "अकुशल मेकॅनिकच्या निष्काळजी दुरुस्तीमुळे" अपघात घडला, संस्था सखोल चौकशी करीत आहे. निवेदनात नाव नव्हते. भोकरदनमध्ये नावाची गरजही नव्हती.

मिस्त्री सरळ माझ्याकडे आले. त्यांचे म्हणणे सोपे होते. "साहेब, चौकात जाऊन सांगतो. बॉनेट उघडून बघा म्हणतो. तिथं लिहून हाये, सही हाये."

आणि इथे माझा अपराध येतो. मी म्हणालो, एक अक्षर बोलू नका. प्रकरण चौकशीत आहे, मी आजच पत्र देतो, तुमच्या तोंडून निघालेला शब्द उद्या तुमच्याच विरुद्ध वापरला जाईल. मी कायद्याचे बोलत होतो. कचेरीत तो सल्ला अचूक ठरला असता. पण हे प्रकरण कचेरीत चाललेच नव्हते. ते चहाच्या टपरीवर, बाजाराच्या रांगेत आणि शाळेच्या फाटकाशी चालले होते, आणि तिथे जो गप्प बसतो त्याच्या विरुद्ध एकतर्फी निकाल लागतो. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता तर न्हाई बोलत."

त्यांनी शब्द पाळला. मी पत्रे लिहिली. सचिवांना, मुख्याध्यापकांना, संस्थेच्या अध्यक्षांना. पोहोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. शेडसमोर एक-दोन ट्रॅक्टर उभे राहत, तेही बंद झाले. दिवाळीच्या तोंडावर टपरीवर त्या जखमी मुलीचे वडील त्यांना भेटले. ते भांडले नाहीत. हळूच विचारले, "मिस्त्री, तुमच्या हातून झालं का हो?" आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कोणापासून काही लपवले नव्हते, तो मला दिलेल्या शब्दासाठी खाली पाहत उभा राहिला.

त्या दिवशी ते माझ्या ओट्यावर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आज लेकराच्या बापासमोर मुका झालो, साहेब. हे पुन्हा न्हाई होणार माझ्याच्यानं." आठवड्याभरात शेडला कुलूप लागले आणि ते परतूरला लेकीकडे निघून गेले. उद्देशिकेची तसबीर तेवढी सोबत नेली. हत्यारे आतच राहिली.

मी संस्थेकडे गाडी पाहण्याची रीतसर परवानगी मागितली, तेव्हा उत्तर मिळाले की गाडी आता संस्थेच्या ताब्यात नाही. कुठे गेली ते त्या गाडीच्या चालकाने मला एकट्याला गाठून सांगितले. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक भंगारची वखार. त्या रस्त्याला लागलेले लोखंड परत येत नाही. आज गाडी असते, परवा सळई होते. तरीही मी गेलो. वखारमालकाने हात झटकले. गाडी कापली, भट्टीला गेली, महिना झाला.

मी परत फिरलो, तोच कुंपणाशी राखणदार बाईंची झोपडी दिसली. त्यांनी चुलीला वारा लागू नये म्हणून एक पिवळे बॉनेट विटांवर उभे केले होते. आतली बाजू बाहेर होती. धुराने ती काळवंडली होती, पण अक्षरांचा पांढरा रंग टिकला होता. मी खाली बसलो. बाई म्हणाल्या की वखारवाला ते आडवे टाकून त्यावर पाय देऊन भंगाराच्या ढिगावर चढायचा. त्यावर अक्षरे होती, म्हणून त्यांनी उचलून उभे केले. "मला वाचता येत न्हाई, दादा. काय लिहून हाये?"

मी मोठ्याने वाचले : "फिल्टर बदलला. फरक थोडा वेळ. टाकीत गंज. डब्यातून चालवली, बराबर. टाकीतून चालवली, बंद. टाकी साफ होईपर्यंत यात मुलं बसवू नयेत. पोळ्याच्या आदल्या दिवशी लिहिले. वाचले." आणि खाली सचिवांची ती लफ्फेदार, प्रमाणपत्रांवर असते तशीच सही.

बाईंनी चुलीतले लाकूड आत सारले. मग म्हणाल्या, "वाचल्तं, मंग लेकरं बसवली कशाला?"

मी उभ्या हयातीत शेकडो पत्रे लिहिली. त्यांपैकी एकाही पत्रात मला हा प्रश्न इतक्या थोडक्यात विचारता आलेला नाही.

बॉनेट गाडीच्या टपावर बांधून मी दुसऱ्या दिवशी परतूरला गेलो. मिस्त्री लेकीच्या घरी पुढच्या खोलीत खाटेवर होते. छातीचे दुखणे होते आणि अंगाने निम्मे झाले होते. मी गाडी दारात उभी केली, तर इंजिन बंद करण्यापूर्वीच आतून आवाज आला. "साहेब, जरा चालू राहू द्या." मी तशीच चालू ठेवली. थोड्या वेळाने ते म्हणाले, "तीन नंबर बराबर कामाला हाये. आता बंद करा."

लेकीने आणि मी बॉनेट खाटेला टेकवून उभे केले. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले, सहीपाशी थांबले. मी म्हणालो, मिस्त्री, मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला. तुम्हाला गप्प बसायला सांगितले तिथेच हे सारे बिघडले.

ते रागावले नाहीत. एखादा भाग तपासून बाजूला ठेवावा तसे त्यांनी माझे वाक्य ऐकून घेतले. "लिहून ठेवा मंग," म्हणाले. "पुढच्याला कामाला येईल."

मग त्यांना बॉनेटवरचा मजकूर ऐकायचा होता. मी वाचला. लेकीने डोळ्याला पदर लावला. त्यांनी मात्र शेवटी मान हलवली. "तुम्ही वाचलं, साहेब. ज्यानं लोकांसमोर वाचायचं त्यानं अजून न्हाई वाचलं. म्हणून झाकू नका."

गुढीपाडव्यानंतर पंधरवड्यात ते गेले. शेडची किल्ली त्यांच्या लेकीने माझ्या हाती दिली आहे. हत्यारे जागच्या जागी आहेत, पांढऱ्या रंगाच्या डब्यात ब्रश वाळून कडक झाला आहे. बॉनेट मी शेडच्या दारात उभे केले आहे, अक्षरे रस्त्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते दिसते. त्या मुलीचे वडील एकदा येऊन पूर्ण वाचून गेले. जाताना त्यांनी खाली पडलेला विटेचा तुकडा उचलून बॉनेटच्या पायाशी नीट लावला.

मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे मी माझी चूक लिहिली आहे. जबाबदारांच्या यादीत तिसरे नाव कोणी काढू नये.

आता पहिल्या दोघांना. बंद लिफाफ्यातले उत्तर मला नको. चौकशी चालू असल्याचे कळवू नका. ती मी संपवली आहे. मुख्याध्यापकांनी पुढची पालकसभा याच शेडसमोर बोलवावी, आणि सचिवांनी आपण सही केलेला मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचावा. त्यानंतर जालन्याच्या वखारीतल्या, वाचता न येणाऱ्या त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे : वाचले होते, तर मुले बसवली कशाला?

त्या दिवशी बॉनेट धरायला मी उभा राहीन. माझा हात म्हातारा आहे, पण तुमचे वाचून होईपर्यंत तो खाली येणार नाही.